समुद्रफेनाच्या रेषा आणि उसाची कांडी

परभणीत काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मागितले की दुकानदार मागच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली घेतो, त्यावरची धूळ फुंकतो आणि झाकण उघडून पुढे सरकवतो. ‘घ्या निवडून.’ आत पांढऱ्या, होडीच्या आकाराच्या वड्या असतात. वीतभर लांबीची वडी उचलली तरी हाताला वजन लागत नाही. एक बाजू टणक आणि खरबरीत, दुसरी इतकी मऊ की नखाने खरवडली तर पीठ निघते. कान वाहत असला तर याची पूड घालायची, असे जुनी माणसे सांगतात (मी डॉक्टर नाही, घाला म्हणणार नाही). हल्ली गिऱ्हाईक बदलले आहे. लव्हबर्ड पाळणारी पोरे पिंजऱ्यात टांगायला नेतात. पक्ष्यांना चोच घासायला बरे पडते आणि कॅल्शियमही पोटात जाते.

नावावरून बहुतेकांना वाटते की समुद्राचा फेसच वाळून घट्ट झाला असावा. खरे तर ते एका प्राण्याच्या पाठीत, कातडीखाली वाढलेले कवच आहे. प्राणी म्हणजे कटलफिश. नावात फिश असली तरी मासा नव्हे. शास्त्रीय नाव सेपिया. कोकणातल्या बाजारात माकूल म्हणून जे मिळते त्याच कुळातला, ऑक्टोपसचा चुलतभाऊ. या सगळ्यांना मिळून आम्ही शीर्षपाद म्हणतो, कारण त्यांचे पाय थेट डोक्यालाच फुटलेले असतात.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे आहे, साल २०१५-१६. आज ती किनाऱ्यावर राहून शीर्षपादांवरच काम करते. तिचे नाव देत नाही, तिलाही ते आवडणार नाही. प्रोजेक्ट ठरल्याप्रमाणे पार पडला असता तर लिहिण्यासारखे काही नव्हते. तो दोनदा कोसळला. एकदा आम्हा दोघांच्या चुकीने, आणि एकदा निव्वळ माझ्या.

विषय कसा ठरला

मुलगी पाथरी तालुक्यातली, गोदाकाठची. घरी ऊस आणि सोयाबीन. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. आमच्याकडे सागर म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि त्या वर्षी तोही तळाला गेला होता. २०१५ चा पावसाळा आठवत असेल तर सांगायला नको. पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

प्रोजेक्टसाठी मी तिला नेहमीचे विषय सुचवले. साठवलेल्या ज्वारीतले किडे, तलावातले मासे, शेतातल्या गांडुळांची मोजणी. हे विषय दरवर्षी कुणीतरी करते आणि दरवर्षी पासही होते. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी आली आणि म्हणाली, ‘सर, मला त्या बरणीतल्यावर करायचंय.’

आमच्या लॅबमध्ये कपाटावर एक काचेची बरणी आहे. आत ऑक्टोपस. मी नोकरीला लागलो तेव्हाही तो तिथेच होता. रंग उडून मेणासारखा झालेला, एक हात तुटून तळाशी पडलेला. तीस वर्षांत त्या बरणीकडे बोट दाखवून ‘हे कामून असं असतंय?’ असे विचारणारी ती पहिलीच.

जिवंत शीर्षपाद परभणीत पाळणे अशक्य. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाजारातून आणून मिसळता येतील, पण पाणी गार ठेवायचे, सतत गाळायचे, ताजी कोळंबी खायला घालायची, आणि पाणी तर टँकरचे. ज्या गावात माणसे आठव्या दिवशी येणारा नळ धरून बसलेली, तिथे माकुलाच्या टाकीत पाणी ओततोय हे कुणाला सांगण्याची माझी तरी छाती नव्हती.

मग काष्ठौषधीच्या दुकानातला तो डबा आठवला.

समुद्रफेनाची मऊ बाजू नीट पाहिली तर मागच्या अर्ध्या भागावर बारीक, लाटेसारख्या वाकलेल्या समांतर रेषा दिसतात. प्राणी वाढतो तसा तो कवचाखाली नवा पातळ थर घालत जातो. थर आणि थर यांमध्ये सूक्ष्म खांब असतात, म्हणजे एकेक थर हा एकेक बुटका मजला. दिसणारी प्रत्येक रेषा ही एका मजल्याची कड. रेषा मोजल्या की मजले कळले. मजला किती दिवसांनी चढतो हे कळले, की वय कळले.

हे दुसरे उत्तर तिने शोधून आणले. १९६३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण आले होते: टाकीत वाढवलेल्या कोवळ्या कटलफिशच्या कवचावर रोज एक थर पडतो. ‘नेचर’ म्हटल्यावर मी मान डोलावली. विषय ठरला: स्थानिक बाजारात मिळणाऱ्या समुद्रफेनावरून कटलफिशचे वय.

वयाला एवढे महत्त्व का? माकूल समुद्रात मधल्या पायरीवर बसतो. तो कोळंबी, खेकडे, लहान मासे खातो. त्याला सुरमई, कुपा, डॉल्फिन खातात. वाढ झपाट्याची, आयुष्य थोडे, बहुतेक जातींत अंडी घातली की खेळ संपला. अशा प्राण्याचे वय चुकीचे धरले की वाढीचा वेग चुकतो, आणि त्यावर बेतलेला मासेमारीचा सगळा हिशेब चुकतो. पूर्वी पकडलेल्या माकुलांचे लांबीनुसार गट पाडून आयुष्याचा अंदाज बांधत, तो दोन-तीन वर्षे यायचा. पुढे शरीरातल्या रोजच्या खुणा मोजता येऊ लागल्या आणि उष्ण समुद्रातल्या कित्येक जाती वर्षाच्या आतच आटोपतात असे दिसले. दोन-तीन वर्षांचा म्हणून जो साठा जपायचा, तो दरवर्षी नव्याने उभा राहत होता.

त्रेचाळीस फेन

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड इथली सात दुकाने आणि नांदेडमधली पक्ष्यांची दोन दुकाने, मिळून तिने त्रेचाळीस फेन जमवले. प्रत्येकावर मागच्या टणक बाजूला पेन्सिलीने क्रमांक. एका शेठनी विचारले, ‘एवढा फेन कशाला बाई, घरात कुणाकुणाचे कान वाहतेत?’ दुसऱ्याने विद्यार्थी म्हणून पैसे घेतले नाहीत, पण तुटकेच दिले.

मोजण्याची तिची रीत मला आजही आवडते. रेषा पांढऱ्यावर पांढऱ्या, डोळ्यांना दिसता दिसता निसटणाऱ्या. तिने पेन्सिलीचे शिसे ब्लेडने खरवडून पूड केली आणि कापसाच्या बोळ्याने फेनावरून हलकेच फिरवली. जोर दिला की फेन उकरला जातो. नुसता स्पर्श केला तर पूड खाचांत बसते आणि रेषा करड्या होऊन वर येतात. मग खोलीत अंधार करून टॉर्च आडवा धरायचा. सुईच्या टोकाने दर दहाव्या रेषेवर टिंब द्यायचे. प्रत्येक फेन तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचा, आदला आकडा वहीत झाकून. तिन्हींत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर चौथ्यांदा.

पहिल्या मोठ्या फेनावर, बावीस सेंटिमीटरच्या, ९८ रेषा भरल्या. म्हणजे तीन महिने आणि आठ दिवस. आम्ही दोघेही खूश. एवढे जनावर सव्वातीन महिन्यांत? ही शंका त्याच वेळी यायला हवी होती. माझ्या मनात ती आली नाही, कारण माझ्या मनात तोवर विद्यापीठातल्या चर्चासत्राचा मथळा तयार झाला होता.

डिसेंबरपर्यंत तक्ता पूर्ण झाला. जानेवारीत ती दोन फेन घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि शेजारी शेजारी ठेवले. लांबी सारखीच, बोटभरही फरक नाही. एकावर ७१ रेषा, दुसऱ्यावर ११८.

‘मोजताना चुकलं असेल,’ मी म्हणालो.

‘पाच पाच वेळा मोजलंय सर.’

मग तिने ११८ वाला उजेडाला आडवा धरला. मधल्या एका पट्ट्यात रेषा दाटीवाटीने बसल्या होत्या, वहीच्या मिटलेल्या पानांसारख्या. त्याच्या अलीकडे-पलीकडे ऐसपैस. ती जरा घुटमळली, मग म्हणाली:

‘सर, उसाच्या कांड्या मोजून उसाचं वय सांगता येतंय का? आमच्याकडं ज्या महिन्यात पाणी तुटतं त्या महिन्यातली कांडी आखूड राहती. दोन-दोन बोटांवर पेरं येतेत. ह्या वर्षीचा ऊस तर बघा, सगळाच तसा झालाय. हे पण तसंच दिसतंय.’

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण मला विचाराल तर हाच. पुस्तकातून नव्हे, बापाच्या वाळत चाललेल्या फडातून तिने तो उचलला होता.

थर रोज पडत नाही

पुढचे दोन आठवडे आम्ही वाचनात घातले, जे खरे तर आधी घालायला हवे होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात सेपिया ऑफिसिनालिस या युरोपीय जातीला वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात वाढवून थर मोजले होते. १३ ते १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक थर पडायला सुमारे आठ दिवस लागले. १८ ते २० अंशांत सुमारे तीन. प्राणी तोच, घड्याळ मात्र पाण्याच्या उबेवर चालणारे. उपाशी ठेवलेल्या कटलफिशच्या कवचात थर एकमेकांना चिकटून येतात हे त्याही आधी, १९७० च्या दशकात, दिसले होते. तिने म्हटले तेच, फक्त पाणी तुटण्याऐवजी अन्न तुटलेले.

१९६३ चे टिपण खोटे नव्हते. ते कोवळ्या, टाकीत जपलेल्या, भरपूर खाऊ घातलेल्या जनावरांबद्दल होते. आम्ही ते उचलून समुद्रात मोकळ्या हिंडणाऱ्या, थंडी-उपासमार सोसलेल्या, कुठल्या पाण्यात वाढला ते कुणाला ठाऊक नसलेल्या प्राण्याला लावले. विहीर बागायती उसाचा उतारा कोरडवाहूला लावावा तसे.

उपाशी प्राण्याचे थर दाट का होतात, हे समजायला फेन मुळात कशासाठी असतो ते पाहावे लागते. कटलफिशला माशासारखा हवेचा फुगा नाही. त्याऐवजी हे मजल्यांचे कवच. ताज्या फेनाची घनता पाण्याच्या सुमारे ०.६ पट, त्यामुळे तो अंगाचा भार तोलून धरतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी १९६० च्या आसपास हे काम उलगडले. मागच्या, जुन्या मजल्यांत थोडे पाणी असते. प्राणी त्या पाण्यातले क्षार काढून घेतो, पाणी क्षारांमागोमाग बाहेर येते, मजला रिकामा होतो आणि प्राणी हलका होतो. उलट केले की जड. आतला वायू, बहुतेक नायट्रोजन, नंतर सावकाश झिरपत येतो आणि त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षाही कमी, सुमारे ०.८ पट असतो. म्हणजे हवा भरून फुगवलेली ट्यूब नव्हे. पाणी उपसून मोकळी केलेली विहीर, जिचे कठडे बाहेरच्या दाबाने ढासळू नयेत म्हणून जागोजागी खांब.

मांस वाढले तर तेवढाच उचलणारा मजला वाढायला हवा. मांस वाढत नसेल आणि मजले पूर्वीच्याच उंचीचे चढत राहिले, तर प्राणी बुचासारखा वर तरंगेल. उपासात थर बुटके होण्यामागे हा तोल असावा, असे आम्हाला वाटले. प्रोजेक्टमध्ये तिने ‘वाटले’ असेच लिहिले आणि मी ते खोडले नाही.

वर्गात दाखवायला तिने एक साधा खेळ बसवला होता. फेनाचा हरभऱ्याएवढा तुकडा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये पाण्यासह घालायचा, तोंड अंगठ्याने दाबायचे आणि दट्ट्या मागे ओढायचा. तुकड्यातून बुडबुड्यांच्या माळा सुटतात. दट्ट्या सोडला की रिकाम्या झालेल्या मजल्यांत पाणी शिरते. दोन-तीनदा केले की तरंगणारा तुकडा मुकाट तळाशी जातो. पाणी लागते वीस मिलिलिटर. त्या वर्षी हे महत्त्वाचे होते.

ससून डॉक आणि माझी बरणी

फेनावरून वय निघत नाही म्हटल्यावर दुसरी वाट होती स्टॅटोलिथची. माकुलाच्या डोक्यात, मेंदूखालच्या कुर्चेत, तोल सांभाळणाऱ्या अवयवात खड्यांची एक जोडी असते. पुष्कळ जातींत खडा एक-दोन मिलिमीटरचा. तो राळेत बसवून ओल्या पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी झिजवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात. स्क्विड या लांबट अंगाच्या माकुलात ही वलये खरोखर रोजची असतात हे अनेक जातींत तपासून झाले आहे. प्रौढ कटलफिशच्या खड्यात ती नीट वाचता येत नाहीत, म्हणून स्क्विड घ्यायचे ठरले.

तिचा मामा डोंबिवलीला. फेब्रुवारीत ती तपोवनने मुंबईला गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामाला घेऊन ससून डॉकवर. घर माळकरी. घरात अंडेसुद्धा शिजलेले नाही, आणि पोर पहाटे पाच वाजता कोळणींच्या घोळक्यात उकिडवी बसून माकुलांची डोकी मागते आहे. मामा नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. एका कोळीणबाईने आधी वेड्यात काढले आणि मग स्वतःच सुरीने बावीस डोकी कापून दिली. धड तिने विकायला ठेवले, डोक्याचे पैसे घेतले नाहीत. ‘शिकायला हाय ना? ने मग.’

डोकी जिथल्या तिथे बरणीत टाकायची, असे मी बजावले होते. बरणी मीच भरून दिली होती. दहा टक्के फॉर्मॅलिन. आमच्या लॅबमध्ये साप, सरडे, बेडूक, तो ऑक्टोपस, सगळे फॉर्मॅलिनमध्येच. हात आपोआप त्याच कॅनकडे जातो. शिवाय स्पिरिटचा परवाना संपलेला होता आणि नवा यायचा होता.

रात्रीच्या देवगिरीने ती परतली. डब्यात वास सुटला म्हणून दोन प्रवाशांनी भांडण काढले. बरणी तिने चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली, ती परभणीपर्यंत.

तीन आठवड्यांनी आम्ही पहिले डोके उघडले. कुर्चा चिरली. खडा होता, पण ओल्या खडूच्या तुकड्यासारखा, कडा खाल्लेल्या, पांढुरका, अपारदर्शक. सुईचे टोक लागले तर भुगा. दुसरे, तिसरे, चौथे. बावीसच्या बावीस डोक्यांत एकही वलय दिसले नाही.

फॉर्मॅलिन मुरत जाते तसे त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होते, आणि स्टॅटोलिथ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिडने चुना विरघळतो हे आठवीतल्या पोराला येते. असले नमुने अल्कोहोलमध्ये किंवा बर्फात ठेवायचे असतात. मी तीस वर्षे शिकवत होतो आणि माझ्याच हाताने तिची मुंबईची फेरी पाण्यात, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये, गेली. तिने एक शब्द काढला नाही. बरणी धुऊन पालथी घालून ठेवली. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

काय विचारता येते

मार्च संपत आला होता. दुसऱ्यांदा मुंबईला जायला वेळ नव्हता, तिच्या घरी पैसेही नव्हते. ऊस कारखान्याने नेण्याआधीच जनावरांपुढे पडला होता. हातात काय होते? त्रेचाळीस फेन, त्यांच्या अचूक मोजलेल्या रेषा, आणि त्यांपैकी एकाही फेनाबद्दल तो कुठल्या समुद्रातून, कोणत्या महिन्यात आला हे ठाऊक नाही. दुकानदारांना विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच: ‘मुंबईचा माल.’

वय काढता येत नाही तर या फेनांकडून दुसरे काय कळेल, असा प्रश्न आम्ही उलटा केला. इथून पुढचे काम जवळपास तिचेच आहे.

तिने फेनांच्या कडा पाहायला घेतल्या. काहींच्या कडा तासल्यासारख्या सरळ, एखाद्यावर सुरीचा लांब चरा, टोकाचा काटा शाबूत. हे ताज्या जनावरातून कापून काढलेले, बहुधा मासळी सोलून गोठवतात तिथले. काहींच्या कडा झिजून गोल, काटा मोडलेला, पाठीवर बार्नॅकलची (खडकांना, होड्यांना चिकटून राहणारे कवचवाले जीव) बारीक पांढरी बुडे, कुठे शेवाळाचा वाळका डाग. हे समुद्रात तरंगत राहून किनाऱ्याला लागलेले. अंडी घातल्यावर प्राणी मरतो, मांस कुजते किंवा खाल्ले जाते, आणि फेन वर येऊन वारा नेईल तिकडे जातो. तीन फेनांवर दातांचे ठसे होते, ओळीने. कुणी खाल्ले ते ठशांवरून ठरवायचा मोह मी आवरायला लावला. या खेपेला मी शहाणा झालो होतो. दोन अगदी लहान फेनांना काटाच नव्हता आणि तो मोडल्याची खूणही नव्हती. ते सेपियाचे नव्हे, तर सेपिएला या जवळच्या गटातले.

मग तिने दाट रेषांचे पट्टे मोजले. किती फेनांत पट्टा आहे, टोकापासून कितव्या रेषेवर आहे, किती रेषांचा आहे. वय नव्हे, प्रकृती. या जनावराने एक वाईट काळ काढला, त्या जनावराने दोन, त्याने एकही नाही. थंडीचा की उपासाचा, हे नुसत्या रेषा सांगत नाहीत. त्यासाठी थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचे, प्रमाण तपासता येते. थर घडताना पाणी किती उबदार होते याची ती नोंद असते. ते यंत्र आमच्या आवाक्यातले नव्हे, म्हणून ‘पुढे करण्याजोगे’ या मथळ्याखाली एक परिच्छेद गेला.

ताण म्हटले की थर नेहमी पातळच होतो असेही नाही, याचा एक दाखला तिला वाचनात सापडला आणि तिने तो मुद्दाम घातला. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरून पाणी आम्लाकडे झुकते आहे; शिंपले-प्रवाळांची कवचे त्याने कमकुवत होतात. पण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खूप वाढवलेल्या पाण्यात सेपिया ऑफिसिनालिसची पिल्ले वाढवली, तेव्हा त्यांनी फेनात नेहमीपेक्षा जास्त चुना भरला. ऐकायला बरे वाटते. पण तो फेन तोलासाठी आहे, जड फेनाचा उपयोग काय? जाड रेषा म्हणजे सुबत्ता, असा नवा सरधोपट नियम करायची सोय तिने स्वतःच बंद करून टाकली.

घरी

एक गोष्ट प्रोजेक्टमध्ये नाही, पण सोडवत नाही. तिच्या आजीच्या देवघरात शाळिग्राम आहे. नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून येणारा काळा गोटा, आत चक्र. शाळिग्राम म्हणजे अमोनाइटचा जीवाश्म, आणि अमोनाइट हाही शीर्षपादच. कप्प्याकप्प्यांचे कवच बाळगून तोल राखायची युक्ती त्याचीही, फक्त त्याने ते गुंडाळून बाहेर घेतले होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबर अमोनाइट संपले. परभणीखालचा हा काळा खडक ज्या लाव्हाचा आहे, तो त्याच सुमाराला ओतत होता.

तिने फेन नेऊन शाळिग्रामाशेजारी ठेवला आणि आजीला सांगितले की हे दोघे एका कुळातले. आजीने दोन्हींवरून हात फिरवला. म्हणाली, ‘आसंल. पण ह्याला पेन्सिल लावू नको बरं.’

तोंडी परीक्षा आणि नंतर

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीर्षक वाचले, ‘मराठवाड्यातील बाजारात मिळणाऱ्या समुद्रफेनाचे उगमचिन्हांनुसार वर्गीकरण’, आणि चष्म्यावरून पाहत विचारले, ‘निष्कर्षात वय कुठंय?’ ती म्हणाली, ‘निघत नाही.’ मग का निघत नाही ते तिने ७१ आणि ११८ चे दोन फेन टेबलावर ठेवून सांगितले. फॉर्मॅलिनचे प्रकरण तिने पद्धतीच्या भागात सरळ लिहिले होते, दोष कुणाचा ते न लिहिता. तो माझा, हे मी तिथेच बोलून टाकले. परीक्षकांनी स्वतःच्या लॅबमध्ये असेच काही झाल्याचे हळूच कबूल केले. गुण ठीक मिळाले, डोक्यावर घेण्यासारखे नाहीत.

त्याच मे महिन्यात जगभरातल्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५३ ते २०१३ या काळात शीर्षपादांच्या ३५ जाती-गटांची संख्या एकूणात वाढत गेली आहे, असे त्यात दिसत होते. मोठे मासे मारून संपवले की खाणारे कमी होतात. पाणी तापले की लवकर वाढून लवकर मरणाऱ्यांचे फावते. कारणांबद्दल लेखकांनीही जपूनच लिहिले होते. मी तिला छापील प्रत दिली तर तिचा पहिला प्रश्न: ‘ह्या मोजण्या कुठल्या कुठल्या समुद्रातल्या आहेत? आपला आहे का त्यात?’

पुढे ती कोकणात गेली. आता माशांच्या पोटात सापडणाऱ्या माकुलांच्या चोचींवर काम करते. माकुलाचे सगळे अंग पचते, चोच पचत नाही. चोचीच्या मापावरून गिळलेला माकूल कोणत्या जातीचा, केवढा होता, ते काढता येते. म्हणजे कोण कुणाला खातो याचा हिशेब खाणाऱ्याच्या पोटातूनच. तिची स्टॅटोलिथची पेटीही भरलेली आहे, सगळी अल्कोहोलमध्ये. मी बघायला गेलो तेव्हा तिने ती न सांगता उघडून दाखवली आणि दोघेही हसलो.

मागच्या दिवाळीला आली तेव्हा तिने एक फेन आणला होता. रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूत उचललेला. त्याला सुतळीने चिठ्ठी बांधली होती: जात, लांबी, रेषा १०४, दाट पट्टा एक, उचलल्याची तारीख, भरतीची वेळ, वारा कुठून होता. ‘कुठून आला’ या रकान्यात आडवी रेघ.

मी तो त्रेचाळिसांच्या डब्यात ठेवायला निघालो तर म्हणाली, ‘त्याच्यात नको सर, मिसळंल. दुसरा डबा घ्या.’ दुसरा डबा नव्हता. काष्ठौषधीवाल्या शेठकडे गेलो. त्यांनी पत्र्याचा एक रिकामा दिला, आणि आतला हिंगाचा वास काही केल्या जात नाही.